वसईच्या किल्ल्यात न शिकवला जाणारा धडा

सहलीच्या दिवसांत वसई-विरारच्या शाळांची मुले वसईचा किल्ला पाहायला जातात. आमच्या नालासोपाऱ्याच्या वस्तीतली मुलेही जातात. मागे अशाच एका सहलीहून परतलेल्या नववीतल्या मुलीने आम्हाला विचारले, "वर्गातली मुले म्हणतात, चिमाजी आप्पांनी परकीयांना हाकलले आणि तुमच्या लोकांनी कोरेगावला इंग्रजांना साथ दिली. खरे आहे का?"

प्रश्न त्या मुलीचा नाही. स्वातंत्र्याचा इतिहास अर्धाच सांगितला की उरलेल्या अर्ध्या भागाचा दगड होतो आणि तो आपल्याच मुलांच्या अंगावर येतो. म्हणून आम्ही तिला संपूर्ण वसई सांगितली.

पोर्तुगीजांनी 1534 पासून दोनशे वर्षे वसईवर राज्य केले. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंगांनी तट फोडून किल्ला घेतला. हजारो शिपाई मेले. हा पराक्रम आम्ही नाकारत नाही. मुलांनी तो जरूर शिकावा.

पण पुढचे पान? ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाने याच वसईत आला. 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने इथेच इंग्रजांशी तह केला. सहा हजारांची इंग्रजी तैनाती फौज स्वीकारली, तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी व्यवहार करणार नाही, असे लिहून दिले. मे 1803 मध्ये इंग्रजी फौजेने त्याला पुण्याच्या गादीवर परत बसवले.

आता तारखा शेजारी ठेवा. वसईचा तह 31 डिसेंबर 1802. कोरेगावची लढाई 1 जानेवारी 1818. मध्ये पंधरा वर्षे आणि एक दिवस. मग इंग्रजांना महाराष्ट्रात घरात कोणी घेतले? पगारावर लढणाऱ्या महार शिपायाने की सही करणाऱ्या पेशव्याने? कोरेगावला कंपनीच्या तुकडीत महारांबरोबर मराठे आणि मुसलमानही होते. पेशव्यांच्या बाजूने अरब शिपाई लढले. देशद्रोहाचा शिक्का मात्र एकाच जातीच्या कपाळी का?

आणि ज्या राज्यात महाराच्या सावलीचाही विटाळ होत होता, ते राज्य वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर कशी टाकता? परकीय गेला म्हणजे सगळे मोकळे झाले, असे आपोआप होत नाही. 1739 मध्ये वसई मुक्त झाली. अस्पृश्य मुक्त झाला का?

याचा अर्थ इंग्रज आमचे तारणहार होते, असाही नाही. 20 नोव्हेंबर 1930 रोजी गोलमेज परिषदेत, लंडनमध्ये, बाबासाहेबांनी इंग्रजांनाच जाब विचारला. तुमच्या आधी आम्हाला विहीर बंद होती, देऊळ बंद होते, पोलीस आणि लष्कर बंद होते. तुम्ही यातले काय उघडले? आणि त्यांनी मागणी केली ती लोकांच्या राज्याची. स्वराज्य हवे, पण त्यात आमचाही वाटा हवा, ही त्यांची अट होती. ती अट देशविरोधी होती काय?

शिक्षक बांधवांना आमची विनंती एवढीच आहे. किल्ल्यात मुलांना 1739 सांगाल तेव्हा 1802 ही सांगा. स्वातंत्र्याचा कोणताही लढा शिकवताना फळ्यावर दोन प्रश्न लिहा: स्वातंत्र्य कोणापासून? आणि कोणासाठी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना स्वतः शोधू द्या.

त्या मुलीने वहीत दोन्ही तारखा लिहून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नेल्या. आमच्या मुलांनी वर्गात मान खाली घालून बसायचे दिवस संपले आहेत.

जय भीम!