मुलीचे नाव

घरात मुलगी जन्मली की बाराव्या दिवसापूर्वी नावाचा प्रश्न उभा राहतो. आजी नक्षत्रावरून आलेले अक्षर सांगते. आत्या बजावते की, पाळण्यात नाव मीच ठेवणार, तेव्हा माझेही ऐका. आईबापांचे म्हणणे एवढेच की, नाव जुने, आपल्या परंपरेतले असावे आणि कानाला गोड लागावे. ही इच्छा चांगली आहे. तिच्याविरुद्ध आम्हांस काही म्हणावयाचे नाही. मात्र परंपरा म्हणजे नेमके काय, हे एकदा इतिहासाला विचारून पाहावे, एवढ्यासाठीच हा विषय आम्ही श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असे पारस्करगृह्यसूत्र सांगते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे ते उच्चारास सोपे, अर्थाने मृदू, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले हवे. येथवर कोणाचीच तक्रार नसावी. परंतु तिसऱ्या अध्यायात वधू कशी नसावी हे सांगताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी व सर्प यांची नावे असलेल्या मुली वर्ज्य ठरविल्या आहेत. आता ज्या घरांत लेकीसुनांची नावे टिपून ठेवली असतील, त्या घरांची टिपणे काढून पाहावीत. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी या नद्या तेथे आहेत. रोहिणी आणि रेवती ही नक्षत्रे आहेत. तुळसाही आहे आणि मैनाही आहे. गोदावरी हे नाव तर सम अक्षरांचे आणि ईकारान्त! आमच्या पूर्वजांनी शास्त्राला नमस्कार केला आणि मुलीला मात्र आपल्या नदीचे नाव ठेवले. ज्याला आपण आज परंपरेतले नाव म्हणतो, ते पुष्कळदा पोथीतून आलेले नसून लोकांच्या मायेतून आलेले आहे.

पोथ्यांहून अधिक विश्वासू साक्ष दगडाची आणि तांब्याची. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराच्या लेण्यात, सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. आज त्यांची पावले तेवढी उरली आहेत. पण पुतळ्यांवर कोरलेली नावे वाचता आली, आणि त्यांत राणीचे नाव आहे. तिलाच आपण नागनिका म्हणून ओळखतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा पराक्रमी पुत्र जगाला गौतमीपुत्र म्हणून माहीत आहे. राजाची ओळख आईच्या गोत्रनावाने सांगितली जात होती. विदर्भातील वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा पाचव्या शतकातील ताम्रपट पुण्यास मिळाला. त्यात ती आरंभी सासरची नव्हे, तर माहेरच्या गुप्तांची वंशावळ देते आणि आपले गोत्रही पित्याचेच, म्हणजे धारण, असे सांगते. लग्न झाले, पती निवर्तला, मुलांच्या नावे राज्यही चालविले. तरी जन्माची ओळख तिने सोडली नाही.

या पार्श्वभूमीवर अलीकडचा काळ पाहावा. आपल्याकडे, विशेषतः पांढरपेशा घरांत, लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल रूढ होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्यांच्या घरी १८७३ साली आलेली वधू माहेरची यमुना. तिची रमा झाली. पुढच्याच वर्षी कल्याणची दुसरी एक यमुना गोपाळराव जोश्यांच्या घरी आनंदी झाली आणि १८८६ साली त्याच नावाने अमेरिकेत डॉक्टर झाली. १८९३ साली विधवा गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याही आनंदीबाई झाल्या. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. झाशीची राणी मूळची मनकर्णिका; ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही मूळच्या मनकर्णिकाच. दोन मनकर्णिका गेल्या आणि दोन लक्ष्मीबाई उरल्या.

यातील कित्येक घरे सुधारकांची होती, हे विसरून चालणार नाही. बालविधवांसाठी झटणाऱ्या, पत्नीला शिकविण्यासाठी लोकांचे शिव्याशाप सोसणाऱ्या थोर पुरुषांनाही ही गोष्ट खटकल्याचे दिसत नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही. रूढी किती खोल असते, एवढेच दाखवितो. पतीचे नाव इतके मोठे की ते उखाण्याशिवाय घ्यावयाचे नाही. आणि पत्नीचे इतके हलके की तांदळावरच्या एका बोटाने ते पुसता यावे!

परंपरेची याहून कडवट बाजूही आहे. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला ‘नकुशी’ म्हणावयाचे, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल, अशी समजूत. हेही आपल्या परंपरेतलेच नाव. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभपूर्वक अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली, आणि त्यांतील काहींनी आपली नावे स्वतः निवडली. नाव बदलणे हेच वाईट असते असे नाही. ते कोणाच्या इच्छेने बदलले, हा खरा प्रश्न आहे.

काळ मात्र थांबलेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या सरकारी कागदांवर आधी त्याचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. गौतमीपुत्राला त्यात काही नवल वाटले नसते.

तेव्हा पाळण्याभोवती जमलेल्या मंडळींना आमचे सांगणे थोडकेच आहे. जुने नाव अवश्य ठेवा. गोदावरी ठेवा, यमुना ठेवा, मनकर्णिकाही ठेवा. या नावांचे आपण काही देणे लागतो. अर्थ पाहा, उच्चार पाहा, हाक मारून पाहा. परंतु नाव ठेवताना मनाशी एक निश्चय करा, की हे नाव आम्ही तिला उसने देत नाही. आत्याने कानात सांगितलेले नाव मुलीला स्वतःहून टाकावेसे वाटले तर गोष्ट वेगळी. एरवी ते तिच्या शाळेच्या दाखल्यावर, तिच्या लग्नपत्रिकेवर आणि तिच्या नातवंडांच्या तोंडी तेच राहिले पाहिजे.