गवताच्या धावपट्टीवरचा समान पगार

आज आम्ही तुम्हाला एका माळाची गोष्ट सांगणार आहोत. हा माळ इंग्लंडमधला. लंडनच्या पश्चिमेला मेडनहेड नावाचं गाव आहे, त्याच्याजवळ व्हाइट वॉल्टम हे खेडं. तिथं आजही विमानं उतरतात, आणि तीही गवतावर! डांबराची नव्हे, गवताचीच धावपट्टी.

१९२८ साली विमानं बनवणाऱ्या डी हॅव्हिलंड कुटुंबानं इथलं १९६ एकर गवताचं रान विकत घेतलं, विमान चालवायची शाळा काढण्यासाठी. १९३८ मध्ये युद्धाची चाहूल लागली आणि सरकारनं ही जागा ताब्यात घेतली.

युद्धात एक मोठी अडचण होती. कारखान्यात तयार झालेलं विमान हवाई दलाच्या तळापर्यंत पोचवायचं कुणी? लढणारे वैमानिक तर लढाईत गुंतलेले. म्हणून एक वेगळं दल उभं राहिलं, एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी. त्याचं मुख्य ठाणं व्हाइट वॉल्टमला होतं. हवाई दलानं ज्यांना वयामुळे किंवा शरीरातल्या व्यंगामुळे घेतलं नाही, असे पुरुष यात आले. एका हाताचा वैमानिकसुद्धा होता. आणि बायाही आल्या.

१ जानेवारी १९४० रोजी हॅटफील्ड इथं पहिल्या आठ जणी कामाला लागल्या. त्यांच्या प्रमुख होत्या पॉलिन गोवर. सुरुवातीला त्यांच्या वाट्याला आली ती वरून उघडी, छोटी शिकाऊ विमानं. भर हिवाळ्यात, अंगाला झोंबणाऱ्या वाऱ्यात ती स्कॉटलंडपर्यंत न्यायची. बायांच्या हाती लढाऊ विमान द्यावं का, यावर बरीच कुरकुर झाली. पण १९४१ पासून त्या लढाऊ विमानंही नेऊ लागल्या. पुढे काही जणींनी चार इंजिनांची अवजड बॉम्बफेकी विमानंसुद्धा चालवली.

काम सोपं नव्हतं. बोलायला रेडिओ नाही. खाली दिसणारी नदी, रेल्वेचे रूळ, रस्ते बघत नकाशावरून वाट काढायची. आज एक विमान, उद्या दुसऱ्याच जातीचं. प्रत्येकाची थोडक्यात माहिती लिहिलेली एक छोटी वही जवळ असायची. ती चाळायची आणि उड्डाण करायचं. या दलानं तीन लाखांहून जास्त विमानं पोचवली. दीडशेहून अधिक जण त्या कामात मेले, त्यात बायाही होत्या. त्यातलीच एक एमी जॉन्सन. १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीनं विमान नेताना ती वाटेत आपल्या झाशीलाही उतरली होती. जानेवारी १९४१ मध्ये थेम्स नदीच्या मुखाशी तिचा अंत झाला.

आता मुद्द्याचं ऐका. काम तेच, धोका तोच, पण बायांचा पगार पुरुषांपेक्षा वीस टक्के कमी! शंभराच्या जागी ऐंशी. पॉलिनताईंनी हा प्रश्न सोडला नाही. संसदेतही तो गेला. १९४३ मध्ये पगार समान झाला. विमान उत्पादन खात्याचे मंत्री तेव्हा होते स्टॅफर्ड क्रिप्स, म्हणजे १९४२ मध्ये बोलणी करायला भारतात आलेले तेच क्रिप्स.

नोव्हेंबर १९४५ मध्ये हे दल बंद झालं. पुरुष वैमानिक ढिगानं मोकळे झाले होते, त्यामुळे बहुतेक बायांना विमानाची नोकरी मिळाली नाही. हयात असलेल्यांना सरकारनं सन्मानाचा बिल्ला दिला, तो थेट २००८ मध्ये.

माळ मात्र राहिला. हवाई दल तिथून १९८२ मध्ये गेलं. आज तिथं वेस्ट लंडन एरो क्लब आहे. हौसेनं उडणारे लोक छोटी विमानं घेऊन येतात, नवे शिकतात. मेडनहेडच्या वारसा केंद्रात त्या जुन्या दलाच्या आठवणी जपल्या आहेत.

मैत्रिणींनो, आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. तरी खुरपणीला, कापणीला गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे आपण रोज बघतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्यांनी खडी फोडली, रस्ते आणि तलाव बांधले. त्या रस्त्यांवरून आपण आजही चालतो. पण त्यांची नावं कुठं लिहिलीत?

पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातल्या म्हाताऱ्या बायांना बोलवा, कुठल्या कामावर होत्या, काय मजुरी मिळाली ते विचारा. आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा.