मासा नसलेली मासवडी आणि भाकरीचा हिशेब

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना समुद्र नाही, तरीही येथील सर्वांत प्रसिद्ध पदार्थाच्या नावात मासा आहे. मासवडीत मासा औषधालाही नसतो. बेसनाच्या घट्ट उकडीत तीळ, सुके खोबरे आणि लसणाचे सारण भरून केलेली ही वडी कापल्यावर माशाच्या तुकडीसारखी दिसते, म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगितले जाते. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव ओलांडताना पाट्यांवर तिचे नाव ठळक अक्षरांत वाचायला मिळते. गावाकडील पाहुणचारात, विशेषतः सामिष न खाणाऱ्यांच्या पंगतीत, तिचा मान मोठा आहे.

शहरी घरांत मात्र सध्या वेगळ्याच माशाची चर्चा आहे. हवाई बेटांवरचा ‘पोके’ हा पदार्थ वाडग्यात वाढून, खालचा भात काढून टाकून, कमी कर्बोदकांचे जेवण म्हणून केला जातो. हवाईयन भाषेत पोके म्हणजे तुकडे करणे. त्यात बहुधा कच्चा टूना, म्हणजे कोकणातला कुपा असतो. १०० ग्रॅम कुप्यात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके जवळजवळ नसतातच. अडचण आहे ती कच्चेपणाची. परजीवी मारण्यासाठी मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो आणि घरच्या फ्रीजमध्ये तेवढा थंडावा टिकेल याची खात्री नसते. कुपा उबेत राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्यानेही जात नाही. समुद्रापासून दूर असलेल्या गावी हा धोका पत्करण्याचे कारण नाही. पोकेपासून घेण्याजोगी गोष्ट आहे ती खालचा भात काढून टाकण्याची, आणि ती मासवडीला तंतोतंत लागू पडते.

येथे मधुमेह्यांच्या घरातला एक गैरसमज दूर केला पाहिजे. मासवडी डाळीच्या पिठाची, म्हणून ती कितीही चालते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बेसनात सुमारे ५८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यांची साखर रक्तात सावकाश उतरते आणि सोबत २२ ग्रॅम प्रथिनेही मिळतात, हा बेसनाचा गुण. पण ते कर्बोदकमुक्त नाही. तीन माणसांसाठी एक वाटी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पीठ घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला १९ ग्रॅम येतात. कांदा, तीळ, खोबरे धरून हा आकडा तीसच्या आत राहतो. याउलट ६० ग्रॅम पिठाच्या एका बाजरीच्या भाकरीतच सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात आणि झणझणीत रश्श्याबरोबर भाकरी एकावर थांबत नाही. ताट जड होते ते वडीने नव्हे, तिच्या सोबतीने. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख सांगितली आहे, तेव्हा हा हिशेब केवळ हौसेचा राहिलेला नाही.

आता कृती. अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे आणि तीन चमचे तीळ वेगवेगळे भाजून घ्यावेत. एक कांदा बारीक चिरून अगदी कोरडा होईपर्यंत परतावा. ओलसर कांदा राहिला की वडी फुटते. दहा-बारा लसूणपाकळ्या, कोथिंबीर, तिखट, काळा मसाला व मीठ घालून सारे भरड वाटावे. खसखस असल्यास उत्तम.

खरी परीक्षा उकडीची असते. जिरे, हळद व तिखटाची फोडणी करून त्यात पीठ एक वाटी असेल तर पाणी दीड ते दोन वाट्या घालावे. खळखळून उकळी आल्यावर एका हाताने पीठ सोडत दुसऱ्या हाताने सतत घोटावे. पिठले जिथे थांबते, तिथून पुढे आणखी शिजवत न्यायचे. झाकण ठेवून दोन-तीन वाफा आणाव्यात. गोळा कढईच्या कडा सोडू लागला की झाले. घाई केल्यास पीठ कच्चे राहते आणि वडी घशाशी चिकटते.

ओल्या फडक्यावर हा गोळा गरम असतानाच पाण्याच्या हाताने पातळ थापावा. थंड झाल्यावर तो थापला जात नाही, चिरतो. जाड थापली तर पीठच जास्त पोटात जाते. पातळ थर आणि भरगच्च सारण ही जाणत्या हाताची खूण. मध्यावर सारण पसरून फडक्याच्या साहाय्याने दोन्ही कडा मिटवाव्यात, वरून दाबून माशासारखा निमुळता आकार द्यावा आणि पूर्ण निवल्यावरच वड्या पाडाव्यात.

रश्श्यासाठी कांदा-खोबऱ्याचे भाजके वाटण नेहमीचेच. तो दाट करण्यासाठी काही घरांत पीठ लावतात, तेवढे टाळावे. तर्रीचा मोह मात्र ज्याने त्याने आवरायचा. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो, त्यावर तेलाचा जाड तवंग कशाला?

वाढताना खोलगट वाडग्यात काकडी, मुळा, कोबी व पातीचा कांदा बारीक चिरून तळाला घालावा, त्यावर चार-पाच वड्या आणि बाजूने रस्सा. प्रथिनांत मासवडी कुप्याची बरोबरी करीत नाही, एका माणसाच्या वाट्याला जेमतेम दहा ग्रॅम येतात. म्हणून सोबत घट्ट दही, पनीर किंवा उकडलेले अंडे ठेवावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी भाकरी एकाएकी बंद करू नये, साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, तोवर अर्धी भाकरी राहू द्यावी.

वड्या उरल्याच तर रश्श्यात बुडवून ठेवू नयेत, सकाळपर्यंत त्यांचे पिठले होते. कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तव्यावर थेंबभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस कराव्यात.