आचरेकर सरांची शिष्यशाखा

खेळाच्या गुरूचे मोठेपण आपण शिष्यांच्या धावांवरून मोजतो. त्या शिष्यांपैकी पुढे स्वतः गुरू कोण झाले, याची मोजदाद सहसा होत नाही. रमाकांत आचरेकरांच्या बाबतीत ती करण्याजोगी आहे.

आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. त्यांची कर्मभूमी दादरचे शिवाजी पार्क. नेटमध्ये बाद झालेला मुलगा पुढचा चेंडू खेळायला पुन्हा उभा राहतो. चुकीची किंमत त्याला मोजावी लागत नाही. सामन्यात ती लागते. म्हणून शाळकरी सचिन तेंडुलकरला स्कूटरवर बसवून सर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि दिवसाला दोन दोन सामने खेळवीत. सरावाच्या शेवटी, मुलगा थकलेला असता, यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवले जाई. जो बाद करील त्याचे ते नाणे. कोणालाच जमले नाही तर फलंदाजाचे. तेंडुलकरांनी अशी १३ नाणी मिळवली आणि जपली. थकल्यावरच चित्त ढळते, आणि नेमके तेव्हाच ते स्थिर ठेवण्याचा हा अभ्यास होता.

‘छान खेळलास’ असे मात्र सरांनी २९ वर्षांत कधी म्हटले नाही, हे तेंडुलकरांनी १६ नोव्हेंबर २०१३ रोजी निरोपाच्या भाषणात सांगितले. शिष्य गाफील होईल, ही सरांची धास्ती. हे मौन प्रत्येक मुलाला मानवेल असे मला वाटत नाही. काही मुले एका शब्दासाठी आसुसलेली असतात.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शारदाश्रमासाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्या वेळी पॅड बांधून अमोल मुझुमदार आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

सरांचे दुसरे शिष्य चंद्रकांत पंडित. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात, बंगळुरूस, त्यांच्या नेतृत्वाखालील मध्य प्रदेश पराभूत झाला. जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्यांच्याच प्रशिक्षणाखाली, मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. हरलेला संघ मुंबईचा, आणि त्याचे प्रशिक्षक मुझुमदार! २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षकही मुझुमदारच होते.

हे दोन्ही दिवस पाहायला सर नव्हते. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले होते.