टॅन १५° ची नेमकी किंमत काढायची कशी?

दहावीच्या तक्त्यात टॅनच्या किमती मोजक्याच आहेत: ०°, ३०°, ४५° आणि ६०°. ९०° ला टॅन निश्चित नसतो. अकरावीला, म्हणजे कर्नाटकातल्या मुलांना पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, टॅन १५° समोर येतो आणि तक्ता तोंडपाठ असलेली पोरंही अडकतात. त्यात मराठीतून दहावी केलेल्यांना शब्दही बदललेले मिळतात. नित्यसमानतेची ‘आयडेंटिटी’ होते, करणीचा ‘सर्ड’. गणित मात्र तेच.

१५ म्हणजे ४५ वजा ३०. पण टॅन ४५° मधून टॅन ३०° सरळ वजा करायचा नाही. तसं केलं तर ०.४२३ येतं, खरी किंमत ०.२६८ च्या आसपास आहे. सूत्र असं:

टॅन (अ − ब) = (टॅन अ − टॅन ब) / (१ + टॅन अ × टॅन ब)

टॅन ४५° च्या जागी १, टॅन ३०° च्या जागी १/√३ घालून वर-खाली √३ ने गुणलं की (√३ − १)/(√३ + १) उरतं. इथे थांबलं तरी किंमत चुकत नाही, पण छेदात करणी ठेवायची नाही असा रिवाज आहे. म्हणून दोन्हीकडे (√३ − १) ने गुणायचं: वर ४ − २√३, खाली २. उत्तर २ − √३.

७५° ला बेरजेचं सूत्र, चिन्हं उलटी, उत्तर २ + √३. १५ आणि ७५ हे कोटिकोन, म्हणून दोन्ही उत्तरांचा गुणाकार बरोबर १ यायला हवा. ताळा करायला याहून सोपं काही नाही.

२२.५° ला अशी सोपी फोड मिळत नाही. तिथे दुप्पट कोनाचं सूत्र उलटं चालवायचं. टॅन २२.५° ला ट म्हटलं तर २ट/(१ − ट²) = टॅन ४५° = १, म्हणजेच ट² + २ट − १ = ०. उकली दोन: √२ − १ आणि −√२ − १. पहिल्या चरणात टॅन धनच, म्हणून √२ − १ घ्यायची. दुसरी उकलही खोटी नाही. ती टॅन ११२.५° ची किंमत आहे. त्याची दुप्पट २२५°, आणि टॅन २२५° सुद्धा १ च. कुठला कोन विचारलाय हे समीकरणाला बिचाऱ्याला काय ठाऊक!

टॅन १९५° दिसला तर १८० वजा करायचे, उत्तर पुन्हा २ − √३. टॅन १६५° तेवढाच, पण ऋण.

‘नेमकी किंमत’ मागितली असेल तिथे ०.२६८ लिहून चालत नाही. ०.२६८ ला ३.७३२ ने गुणलं तर १.०००१७६ येतं, १ नाही.