पिंजरा, बाजार आणि कायदा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात पोपटपालनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मानवाने पाळलेल्या पक्ष्यांमध्ये पोपटाचे स्थान वेगळे आहे. कोंबडी अंड्यांसाठी व मांसासाठी, कबुतर निरोपासाठी पाळले गेले. पोपट मात्र केवळ त्याच्या बोलण्यासाठी घरात आला. ‘मिठू’ या नावाने विदर्भातील घराघरांत ओळखल्या जाणाऱ्या हिरव्या पोपटाची जागा अलीकडच्या काळात काही घरांत आफ्रिकन करडा पोपट घेऊ लागला आहे. हा बदल केवळ हौसेचा नसून त्यामागे कायदा, बाजारपेठ आणि जंगलाचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचा यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात आढावा घेतला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील चौसष्ट कलांमध्ये पोपट व मैनेला बोलावयास शिकविणे ही एक कला मानली आहे. ‘शुकसप्तती’ या संस्कृत कथासंग्रहात पोपट हाच निवेदक असून ‘शुकबहात्तरी’ या नावाने तो मराठीतही अवतरला. भारतीय पोपटांची कीर्ती परदेशीही पोहोचली होती. रोमन लेखक प्लिनी याने इ. स. पहिल्या शतकात बोलणारा पोपट भारतातून येतो, अशी नोंद केली आहे. म्हणजेच त्या काळी भारत हा पोपट पाठविणारा देश होता.

पक्षी पकडण्याच्या पद्धतीचा महत्त्वाचा मराठी पुरावा ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात आढळतो. पोपट नळीवर बसताच त्याच्या भाराने नळी फिरते. उडून जाणे शक्य असूनही आपण अडकलो या भ्रमाने तो ती अधिकच घट्ट धरतो, असा हा दृष्टान्त आहे. त्याचा हेतू आध्यात्मिक असला, तरी शके १२१२ (इ. स. १२९०) मधील श्रोत्यांना हे साधन परिचित होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

वऱ्हाडातील शेतकरी, पारधी आणि पोपट

आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पूर्वी वणी (वून) जिल्हा म्हणून ओळखला जात असे. पैनगंगा व वर्धा नद्यांच्या दरम्यानच्या या प्रदेशात सागाची जंगले आणि ज्वारी-कापसाची शेते लागूनच आहेत. जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करणारे पोपट कणसात दाणा भरू लागताच शेतात उतरतात. त्यामुळे माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकणे हे शेतकऱ्याचे हंगामी काम होते. एकच पक्षी शेतात शत्रू आणि ओसरीवर पाहुणा, असे हे दुहेरी नाते होते.

पक्षी पकडण्याचे कौशल्य प्रामुख्याने फासेपारधी समाजाकडे होते. ‘फास’ या साधनावरूनच त्यांना हे नाव मिळाले. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांच्या पक्षी धरण्याच्या व्यवसायाची नोंद आहे. ब्रिटिश राजवटीतील १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत मोर, तितर, बगळे इत्यादी पक्षी होते. पोपट मात्र नव्हता. परिणामी पोपटाचा व्यवहार बराच काळ निर्वेधपणे चालू राहिला.

कायद्याचे वळण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे या परंपरेला पहिला छेद गेला. सुरुवातीला परवान्याने काही व्यापार चालू होता. परंतु १९९१ च्या दुरुस्तीनंतर देशी वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, देशी पोपटाचा समावेश अनुसूची दोनमध्ये झाला. त्याला पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. अनेक कुटुंबांना याची आजही कल्पना नसते. दुसरीकडे, ज्या पारधी समाजाला १९५२ पर्यंत ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याचा जाच सोसावा लागला, त्याचे पारंपरिक कामही आता गुन्हा ठरले. पर्यायी उपजीविकेचा प्रश्न त्यामुळे तीव्र झाला.

देशी पक्ष्यांना हे संरक्षण मिळाले, तरी परदेशी पक्षी या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे बाजाराचा ओघ तिकडे वळला. पोपट पाठविणारा देश परदेशी पोपटांचा ग्राहक बनला.

आफ्रिकन करडा पोपट

पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या पर्जन्यवनांतील हा पक्षी सुमारे ३३ सेंटिमीटर लांब, करड्या रंगाचा व तांबड्या शेपटीचा असतो. अमेरिकी संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये विकत घेतलेल्या ‘ॲलेक्स’ या पोपटाने रंग, आकार व संख्या ओळखून दाखविल्या. तो २००७ मध्ये मरण पावला. या बुद्धिमत्तेमुळेच मागणी वाढली आणि जंगले रिकामी होऊ लागली. घानामध्ये १९९० च्या दशकापासून या पक्ष्यांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्याच वर्षी जोहान्सबर्ग येथील परिषदेत त्याला ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट एकमध्ये स्थान मिळाले. जानेवारी २०१७ पासून जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यावसायिक व्यापार बंद झाला.

भारतात २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी प्रजातीही कायद्याच्या कक्षेत आल्या. २०२४ च्या नियमांनुसार पाळणाऱ्याने ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक असून जन्म, मृत्यू व हस्तांतरणही कळवावे लागते. परिशिष्ट एकमधील प्रजातींच्या पैदाशीसाठी परवाना आवश्यक आहे. म्हणून पक्षी घेताना विक्रेत्याचा परवाना व पक्ष्याची नोंदणी तपासणे हे ग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते.

संगोपनाचा प्रश्न

कागदपत्रे पूर्ण झाली, तरी खरा प्रश्न पुढेच असतो. हा पक्षी पाळलेल्या अवस्थेत चाळीस ते साठ वर्षे जगू शकतो. म्हणजे तो बहुधा पुढच्या पिढीच्या हाती जातो. यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो व हवा कोरडी असते. पर्जन्यवनातील पक्ष्याला सावली, ताजे पाणी व अंगावर पाण्याचे तुषार लागतात. केवळ सूर्यफुलाच्या बिया व शेंगदाणे दिल्यास कॅल्शियम व ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होते; कॅल्शियमच्या कमतरतेने त्याला झटके येऊ शकतात. हिरव्या भाज्या, गाजर, पेरू, मोड आलेली कडधान्ये हा आहार हितकर असतो. ॲव्होकॅडो व चॉकलेट त्याला विषारी ठरतात. तो थव्याने राहणारा पक्षी असल्याने दिवसभर एकटा ठेवल्यास स्वतःचीच पिसे उपटू लागतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, एका जंगलाचे रक्षण करणारा कायदा दुसऱ्या जंगलावरील भार वाढवू शकतो. वऱ्हाडातील ढोली सुरक्षित करण्याचा प्रयत्न होत असताना घानातील ढोली ओस पडत होत्या. २०२३ नंतरची नोंदणीव्यवस्था ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आहे. मात्र तालुका पातळीवर तिची माहिती पोहोचल्याशिवाय ती परिणामकारक होणार नाही. ज्या कुटुंबाला पन्नास वर्षांची जबाबदारी पेलणे शक्य नाही, त्याने टिपेश्वर वा पैनगंगा अभयारण्याच्या परिसरात पोपटांचे थवे उडताना पाहावेत. बोलका पक्षी हवा असण्याची मानवी ओढ जुनी आहे. तिची किंमत पक्ष्याने द्यावी की माणसाने, हा प्रश्न मात्र आजच्या पिढीने सोडवावयाचा आहे.