मॉरिशसचे फसलेले भाकीत

मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या या बेटावर राहणाऱ्या प्रत्येकाचा पूर्वज समुद्र ओलांडून आला, आणि त्यांतले बहुतेक कोणाच्या तरी फायद्यासाठी आणले गेले. म्हणूनच या देशाची लोकसंख्या हा माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा इतिहास आहे. लोकसंख्या आपोआप वाढते आणि गरीब देशाला बुडवते, या समजाला या इतिहासात भक्कम उत्तर मिळते.

डचांनी 1638 मध्ये केलेली वसाहत 1710 मध्ये सोडून दिली. मागून आलेल्या फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून मळे उभे केले. 1810 मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले. 1835 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई मालकांना मिळाली, राबलेल्यांना नाही. उसाला मजूर हवेच होते. म्हणून 1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय करारावर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून आले, काही मुंबईहून. आजचा तिथला मराठी समाज त्या मुंबईच्या जहाजांचा वारसा आहे. मळ्याला हात हवे होते, घरे नकोत, त्यामुळे सुरुवातीच्या जहाजांत बायका अगदी थोड्या असत. लोकसंख्या पाळण्यांपेक्षा जहाजांमुळे वाढत होती. 1860 च्या दशकात हिवतापाने हजारोंचा बळी घेतला आणि पुढेही वाढ मंदच राहिली: 1901 मध्ये सुमारे 3 लाख 71 हजार, तर 1944 मध्ये 4 लाख 19 हजार.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या मोहिमेने हिवताप हटला, मृत्यू झपाट्याने घटले आणि जन्म मात्र घटले नाहीत. 1962 मध्ये बेटावर जवळजवळ 6 लाख 82 हजार माणसे होती. त्याच सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड आणि समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी दोन गंभीर अहवाल दिले. वाढ अशीच राहिली तर शतकाअखेर लोकसंख्या तीस लाखांच्या घरात जाईल, असा इशारा होता. उसाच्या एकाच पिकावर उभ्या, अनेक धर्म आणि वंशांच्या या समाजाला भवितव्य नाही, असे तेव्हा अनेकांना वाटले. प्रत्यक्षात 2000 च्या खानेसुमारीत आकडा बारा लाखांच्याही आत राहिला.

हे देशांतरामुळे घडले, असा आक्षेप घेता येईल. स्वातंत्र्याच्या आगेमागे अनेक कुटुंबे फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाला गेली, हे खरेच. पण जाणाऱ्यांमुळे डोकी कमी होतात. एका स्त्रीला सरासरी किती मुले होतात, हे त्याने बदलत नाही. आणि तोच आकडा 1960 च्या दशकाच्या आरंभी सहाच्या आसपास होता, तो दहा वर्षांत साडेतीनवर आला. कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे बायकांनी मुले कमी केली, असा दुसरा युक्तिवाद आहे. पण हे कारखाने ज्या निर्यात क्षेत्रात उभे राहिले, त्याचा कायदा 1970 चा. उतार त्याआधीच सुरू झाला होता. कारखान्यांनी तो टिकवायला हातभार लावला, सुरुवात केली नाही. त्याआधी मुलींचे शिक्षण वाढले होते, लग्नाचे वय पुढे गेले होते आणि 1957 पासून कुटुंबनियोजनाचे संघटित काम उभे राहिले होते. कॅथलिक पंथाला कृत्रिम साधने मान्य नव्हती, म्हणून कॅथलिकांसाठी नैसर्गिक पद्धतीची वेगळी संस्था निघाली. धर्मांत भांडण लावण्याऐवजी प्रत्येकाला आपली वाट मिळाली. बेट लहान होते, म्हणून जमले, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: लहानपणामुळे दवाखाना जवळ येतो, पण दवाखान्यात जाण्याची इच्छा लहानपणातून येत नाही.

आज प्रश्न उलटा आहे. जन्मदर लोकसंख्या कायम राखण्याच्या पातळीखाली आहे, वृद्धांचे प्रमाण वाढते आहे आणि कारखान्यांसाठी बांगलादेश, भारत, मादागास्करमधून पुन्हा करारावर कामगार येत आहेत. ज्या देशाने करारावर आलेल्या त्या गिरमिटियांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आणि त्यांच्या धक्क्याला जागतिक वारशाचा मान मिळवून दिला, त्याने या नव्या आलेल्यांना केवळ हात म्हणून मोजू नये. मॉरिशसला भाकितातून सोडवले ते त्याच्या माणसांनी. नव्याने येणाऱ्या माणसांनाही तिथे घर करण्याचा हक्क मिळायला हवा.